नावांच्या बाई

प्रत्येक प्राथमिक शाळेत एक गाणाऱ्या बाई असतात, एक मारक्या बाई असतात आणि एक बाई कायम प्रशिक्षणाला गेलेल्या असतात. पण काही भाग्यवान शाळांना आणखी एक प्रकार लाभतो, तो म्हणजे नावांच्या बाई. आमच्या नगरपालिकेच्या शाळेला तो लाभला आणि गेली कित्येक वर्षं आम्ही बाकीचे शिक्षक ते भाग्य सोसतो आहोत.

जूनमध्ये पहिलीची यादी हातात आली की आम्ही पट किती ते बघतो, कारण नोकरी पटावर असते. बाई नावं बघतात. बायका तांदळातून खडा शोधतात तशा त्या यादीवरून बोट फिरवत जातात. आरव, अन्वी, विहान, पुन्हा आरव, ईशान, आणखी एक आरव, बोट पुढे. मग ते एकदम थांबतं आणि बाईंचा चेहरा उजळतो. "दगडू! अहो, यंदा दगडू आलाय!" खडाच सापडलेला असतो, पण त्या तो फेकत नाहीत, देवघरात ठेवतात.

बाईंचा पहिला नियम हजेरीचा. हजेरी घेताना अडखळायचं नाही. नवी शिक्षिका ईशान, काव्या, रुद्र असं सरसर वाचत येते आणि 'दगडू'पाशी तिचा श्वास अर्धा क्षण अडतो. चष्मा वर जातो, ओठाचा एक कोपरा हलतो. "दगडू?" एवढंसंच प्रश्नचिन्ह, पण ते अख्ख्या वर्गाला ऐकू येतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं गाणं झालेलं असतं. बाईंचं म्हणणं असं की पोरं जन्मतः कुणाच्या नावाला हसत नाहीत, मोठ्यांनी खूण केली की हसतात. म्हणून त्या नव्या शिक्षिकेला ऑफिसात बसवून चहा देतात आणि पाठांतर घेतात. "म्हणा, दगडू. न थांबता. केरू. उकिरडा. पुन्हा. हसू येतंय? मग अजून दहा वेळा." एकीने तिसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिला. तो याच कारणाने दिला असं म्हणता येणार नाही, पण चहा अर्धाच राहिला होता एवढं मी पाहिलं.

दुसरा नियम पूर्वजांचा. प्रत्येक विचित्र नावासाठी बाईंच्या पोतडीत एक थोर पुरुष तयार असतो. धोंडूला कुणी चिडवलं की त्या वर्ग थांबवतात. महर्षी कर्वे कोण? धोंडो केशव! जिवंतपणी स्वतंत्र भारताच्या टपाल तिकिटावर झळकलेला पहिला भारतीय कोण? आपला धोंडो! 1958 साली, त्याच वर्षी भारतरत्न, आणि जगले किती? 104 वर्षं! धोंडूने एकदा हळूच विचारलं, "बाई, त्यांना चिडवायचे का?" बाई म्हणाल्या, "चिडवायचे? गावाने वाळीत टाकलं होतं!" वाळीत टाकलं ते 1893 मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून, नावापायी नव्हे, पण एवढा बारकावा पहिलीला झेपत नाही आणि बाईंना सोयीचा नसतो. धोंडू मात्र त्या दिवसापासून पाठ ताठ ठेवून बसतो. 104 वर्षं जगायचं असेल तर बसण्याची सवय आत्तापासूनच चांगली हवी, असं त्याने मला स्वतः सांगितलं.

केरूचंही तसंच. केरू म्हटलं की केरसुणी ही पोरांची धाव ठरलेली. बाईंनी फळ्यावर केरूनाना छत्रे असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सांगितलं, की हे एवढे मोठे गणिती होते की लोकमान्य टिळक कॉलेजात त्यांच्यापाशी गणित शिकले. केरूचं नाव त्याने तरलं, गणित मात्र बिघडलं. "टिळकांना शिकवणाऱ्याला तेराचा पाढा कशाला लागतो?" असा त्याचा सवाल आहे आणि त्याचं उत्तर बाईंच्या पोतडीत नाही.

सगळ्यात महाग पडला तो कोंडाजी. आजोबांचं नाव नातवाला लावलेलं. पोरगं इतकं लाजाळू की नाव विचारलं तर बाकाखाली जायचं. बाईंनी त्याला कोंडाजी फर्जंद सांगितला. 1673 साल, रात्रीची वेळ, कडा चढून 60 माणसांनिशी पन्हाळा घेतला. सांगताना त्या स्वतः टेबलावर चढल्या होत्या, मी दारातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोंडाजी बाकाखालून बाहेर आला आणि त्याने माणसं मागितली. पट 38. मुली दुसऱ्या कामात. तरी जमले तेवढ्या मावळ्यांनिशी त्याने पोषण आहाराची खोली घेतली. खिचडीच्या टोपापर्यंत मजल गेली होती. स्वयंपाकीणबाईंनी पळी उगारली म्हणून गड परत मिळाला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून समज दिली. बाहेर येऊन बाई मला म्हणाल्या, "पण सर, बाकाखालून बाहेर आला की नाही?"

ही अशी नावं का ठेवतात, हे त्या पोरांना सांगतात तेव्हा मात्र टेबलावर चढत नाहीत. आधीची पोरं जगली नाहीत की आईबाप पुढच्याला धोंड्या म्हणत, दगड्या म्हणत, उकिरड्यावर ठेवल्यासारखं करून उचलून आणत, मूठभर कोंड्याच्या बदल्यात विकत घेत. का? तर सटवाईने, मृत्यूने, दृष्ट लावणाऱ्याने म्हणावं की हे टाकाऊ आहे, याला कशाला न्यायचं. "म्हणजे वेषांतर?" एकाने विचारलं. "वेषांतरच! तुला कुणी नेऊ नये म्हणून तुझ्या पणजोबांना दगडाचं सोंग दिलं होतं. ते नेले गेले नाहीत, म्हणून तू आहेस." दगडूने यावर बराच वेळ विचार केला आणि मधल्या सुट्टीत तो भिंतीला टेकून अजिबात न हलता उभा राहिला. मला म्हणाला, "सर, मी दिसतोय का?"

जुन्या नावांना निदान वंशावळ असते. बाईंची खरी कसोटी लागते ती नव्या नावांशी. आईच्या नावाची दोन अक्षरं, बापाच्या नावाचं दीड, असं जोडकाम करून आलेली ही पोरं. अर्थ विचारला तर पालक मोबाईल काढतात. मोबाईलमध्ये जगातल्या प्रत्येक नावाचा अर्थ एक तर 'विष्णूचे नाव' असतो नाही तर 'सूर्याचा पहिला किरण'. आमच्या शाळेत सूर्याचे इतके पहिले किरण आहेत की दुपारी वर्गात बसवत नाही. बाई असल्या थापांना जात नाहीत. त्या गृहपाठ देतात. घरी जाऊन आत्याला विचारून या, माझं नाव का ठेवलं. कारण बारशाला कानात नाव आत्यानेच सांगितलेलं, पाठीत धपाटेही तिनेच खाल्लेले, जबाबदारी तिची. पालकसभेच्या चिठ्ठीवर बाईंनी एकदा 'आईवडील व शक्य असल्यास आत्या' असं लिहिलं होतं. सहा आत्या आल्या. त्यांतल्या चौघींनी सांगितलं की आम्हाला कुणी विचारलंच नाही, नाव आईने आधीच मोबाईलवरून काढलं होतं, आम्ही नुसतं कुर्र केलं. मग आयांनी बोलायला सुरुवात केली. ती सभा शाळा समितीच्या इतिवृत्तात एका ओळीत आटोपली आहे.

एका पोराच्या आत्याने खरं ते सांगितलं, की मालिकेतला नायक होता, त्याचं नाव आवडलं. पुढे नायक बदलला. पोरगं रडवेलं होऊन आलं. बाई म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे तुझ्याआधी या नावाचा खराखुरा माणूसच नव्हता. तू पहिला. आता पुढचे तुझ्यावरून ठेवतील." पोराने डोळे पुसले आणि विचारलं, "मग पुतळा कुठे बसवतील?" जागा नक्की व्हायची आहे.

या सगळ्यात अन्याय झाला तो आरवांवर. वर्गात तीन : आरव क., आरव म. आणि नुसता मोठा आरव. त्यांना ना किल्ला, ना टपाल तिकीट, ना वेषांतर. आरव म. च्या आई एक दिवस तक्रार घेऊन आल्या : "बाई, तो घरी हाक मारली तर ओ देत नाही. म्हणतो, मला धोंडू म्हणा." बाईंना वाईट वाटलं, पण मनापासून नाही. त्याचंही कारण आहे. बाईंचं माहेरचं नाव सुनीता. डी.एड.च्या वर्गात पाच सुनीता होत्या, त्यांतली ही 'चष्मेवाली'. लग्नात नवऱ्याने अंगठीने तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, तेव्हा बाई मान वाकडी करून वाचू लागल्या, की निदान आता तरी. निघालं 'संगीता'. कॉलनीत आधीच्या चार होत्या. बाई हे फार हसत सांगतात आणि सांगून झालं की चष्मा पुसतात.

वर्गात एक कलेक्टर आहे. हे त्याचं नाव आहे, पद नव्हे. फौजदार, सुभेदार अशी नावं खेड्यापाड्यांत चालत आलेली आहेतच. याचा बाप म्हणतो, आम्हाला कुणी कलेक्टर करणार नाही, म्हणून आम्हीच केला. विस्तार अधिकारी तपासणीला आले त्या दिवशी बाई फळ्याजवळून गरजल्या, "कलेक्टर, शेंबूड पूस!" साहेबांचा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला. मग गैरहजेरीची नोंद पाहून ते म्हणाले, "हे 'कलेक्टर मंगळवारी आले नाहीत' काय लिहिलंय?" खुलासा झाल्यावर त्यांनी सल्ला दिला की नाव बदलून घ्या, पुढे त्रास होतो. बाई म्हणाल्या, "स्टॅलिन नावाचा माणूस तमिळनाडूचा मुख्यमंत्री झाला साहेब." बाई इथेच गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. पण बाईंनी विचारलं, "शेऱ्याखाली तुमची सही बी. के. अशी आहे. बी म्हणजे?" साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "भिकाजी," असं काहीसं ऐकू आलं. बाईंनी दोन्ही हात पसरले. "अहो, मग लपवता काय! 1907 साली जर्मनीत, स्टुटगार्टला, परक्या सभेत आपल्या देशाचा झेंडा कुणी फडकवला? भिकाईजी कामांनी!" साहेब म्हणाले, "त्या बाई होत्या." "झेंडा फडकवला ना?" बाई म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या वर्षीच्या शेऱ्याखाली पूर्ण सही आहे, मी फाईल पाहिली आहे.

कागदपत्रांच्या आघाडीवर मात्र बाई हरतात. इंग्रजीतून मराठीत नाव फिरवणाऱ्या कंप्युटरला 'डी' आणि 'एच' एकत्र दिसले की 'ध' की 'ढ' हे कळत नाही. धोंडूचा एक कागद 'ढोंडू' होऊन आला. आता 'ढ' हे आपल्याकडे अक्षर कमी आणि प्रगतिपुस्तक जास्त. बाई चार खेपा घालून आल्या. एका खिडकीने धोंडू केलं तर दुसरीने आडनाव बिघडवलं.

आणि एका नावापुढे त्यांची पोतडी बंद होते. दुसऱ्या शाळेतून एक मुलगी दाखल झाली, नाव नकोशी. चौथी मुलगी. बाईंनी हजेरी न अडखळता घेतली, नियमाप्रमाणे. पण गोष्ट सांगितली नाही. धोंडू हा मुलगा राहावा म्हणून घातलेला वेष. हे तसं नाही, हे उघड बोलणं आहे, असं त्या ऑफिसात म्हणाल्या, आणि 2011 मध्ये साताऱ्यात अशा 285 मुलींची नावं समारंभाने बदलली होती, तो सगळा हिशेब त्यांनी आम्हाला ऐकवला. मग मुलीला जवळ घेऊन विचारलं, तुला काय आवडेल? मुलीने पंधरा दिवस घेतले. रोज नवं नाव सांगायची. बाई रोज तेच फळ्यावर लिहायच्या, त्या दिवसापुरतं सगळ्यांनी तेच म्हणायचं. ती एक दिवस परी होती, एक दिवस स्मृती मंधाना, एका दिवशी 'बाई'. शेवटी 'आनंदी' ठरलं आणि बाप राजपत्राच्या अर्जावर सही करायला तयार होईना, तेव्हा बाईंनी त्याच्या बहिणीला गाठलं. आत्याच ती. तिने भावाला आणून खुर्चीत बसवला.

यंदा बाई आजी झाल्या. नातवाचं नाव धुंडिराज ठेवायचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. दादासाहेब फाळके, 1913, 'राजा हरिश्चंद्र', सगळी तयारी. सुनेने शांतपणे ऐकून घेतलं आणि बारशाच्या पत्रिकेवर 'रेयान' छापलं. आत्याला, म्हणजे बाईंच्या लेकीला, फितवण्याचा प्रयत्न झाला. तीही सुनेच्या बाजूने निघाली. दोन दिवस बाई घरात बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सोसायटीतल्या एका काकूंनी जिन्यात नाक मुरडलं, "हे काय बाई नाव, रेयान?" झालं. बाई दोन पायऱ्या वर चढल्या. म्हणाल्या, "स्वर्गाला दरवाजे असतात, माहीत आहे? अरबीत रय्यान म्हणतात तो खास उपास करणाऱ्यांचा दरवाजा. दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही. आमचा रेयान त्या दाराचा!"

काकूंची एकादशी, चतुर्थी, गुरुवार, सगळं कडक. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि जरा विचार करून विचारलं, "साबुदाणा चालतो का हो त्यांना?"