भाऊसाहेब आणि त्यांचे दोन पट्टे

नियमनिष्ठ माणसे समाजास आवश्यक असतात हे मला मान्य आहे. मात्र ती आपल्या शेजारी राहत नसावीत, आणि राहतच असल्यास त्यांच्यापाशी मोटार नसावी, एवढीच माझी माफक अपेक्षा. आमच्या भाऊसाहेबांनी या दोन्ही अपेक्षांचा एकदमच भंग केला आहे. अव्वल कारकून म्हणून निवृत्त होताच त्यांनी लिलावात निघालेली, महिंद्रा कंपनीची सपाट तोंडाची जुनी एफ. सी. पिकअप घरी आणली. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गाडी. म्हणजे जिल्ह्याहून वयाने वडील. हिचे इंजिन नाकात नसून चालक आणि उतारू यांच्या मधोमध पत्र्याच्या पेटीत बसविलेले आहे, त्यामुळे उन्हाळ्यात मालेगावपर्यंत जाऊन आलेला मनुष्य एका अंगाने भाजून निघतो. या दोषावर काही तोड काढावी असे भाऊसाहेबांच्या मनात कधी आले नाही. मनात आले ते पट्टे.

वास्तविक त्यांना तशी काही निकड नव्हती. आपल्या देशात नव्या मोटारींच्या पुढील आसनांना पट्टे देणे उत्पादकांवर बंधनकारक झाले ते १९९४ पासून. आणि तो बांधण्याची सक्ती ज्या गाडीस पट्टा आहे तिच्यापुरती. म्हणजे बिनपट्ट्याच्या गाडीतून भाऊसाहेब आमरण निर्वेधपणे हिंडू शकले असते; पदरचे पैसे मोडून पट्टे बसविताच २०१९ च्या दुरुस्तीने ठरलेल्या हजार रुपयांच्या दंडास ते आपण होऊन पात्र झाले. ही विसंगती मी मोठ्या उत्साहाने त्यांच्या नजरेस आणून दिली, तेव्हा ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, “मंग? कायदा काय नुसता दंडासाठीच वाचा लागते?”

पट्टे बसविण्याचे हे प्रकरण एखाद्या फेरफार नोंदीच्या तक्रारीइतके लांबले. भंगारवाल्याने अपघातात सापडलेल्या एका गाडीचे पट्टे अल्प किमतीत देऊ केले, ते भाऊसाहेबांनी फेटाळले. एकदा झटका सोसलेला पट्टा ताणलेला असतो, त्याच्यावर दुसऱ्यांदा भरवसा ठेवू नये, हे त्यांनी कोठेतरी वाचून ठेवले होते. मग नवे मागविले. वेल्डिंगवाल्या मिस्त्रीने ते पातळ पत्र्याला भोक पाडून बोल्टने आवळले, तेव्हा धक्क्यासरशी पत्र्यासकट बोल्ट उपटून येईल म्हणून यांनी ते सारे उतरवायला लावले आणि मागून जाड लोखंडी पाटी देऊन पुन्हा आवळून घेतले. पट्टा ज्या गुंडाळीत असतो ती मिस्त्रीने जरा तिरपी बसविली. आता या गुंडाळीच्या पोटात एक लहानसे वजन असते, गाडी अकस्मात थांबली की ते झुकते आणि पट्टा जागीच अडतो. गुंडाळीच तिरपी असल्यास ते वजन गाडी उभी असतानाही झुकलेलेच राहते, हे मिस्त्रीस ठाऊक नव्हते. परिणामी शुभारंभास बोलाविलेल्या सरपंचांच्या पोटाच्या अर्ध्या वाटेवर येऊन पट्टा अडला, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तो पुढे सरेना. सरपंचांनी तो आपला उपमर्द समजून घेतला तो कायमचाच.

पट्ट्यांचा मूळ इतिहासही भाऊसाहेब प्रत्येक उतारूस ऐकवितात. तीन ठिकाणी बांधण्याचा हा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन नामक अभियंत्याने सिद्ध केला. त्यापूर्वी हाच गृहस्थ साब कंपनीत वैमानिकास संकटसमयी विमानाबाहेर फेकून देणाऱ्या आसनांची रचना करीत असे. माणसे बाहेर उडविण्याची विद्या ज्याला अवगत, त्यानेच ती आत धरून ठेवण्याची युक्ती काढावी, यात भाऊसाहेबांना ईश्वरी न्याय दिसतो. आणि कंपनीने ती युक्ती पेटंटाच्या कुलपात न ठेवता सर्वांना खुली करून दिली, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो. निवृत्तीच्या निरोप समारंभात तो दाटला नव्हता, याला मी साक्षी आहे.

हे सर्व सुसह्य झाले असते. असह्य झाले ते टुंग् टुंग्. नव्या मोटारीत पट्टा बांधला नाही तर एक घंटी वाजत राहते, हे पाहिल्यापासून आपल्या गाडीत ती नाही या उणिवेने भाऊसाहेब अस्वस्थ झाले, आणि ती उणीव त्यांनी स्वमुखाने भरून काढली. आपण आसनावर टेकतो, रामराम घालतो, मुलांचे क्षेमकुशल विचारतो; उत्तरादाखल समोर पाहत ते शांतपणे “टुंग्... टुंग्...” असा आवाज काढीत राहतात. खट् झाल्याशिवाय संभाषणास प्रारंभ नाही. “गाडीले घंटी नाही म्हणून काय झालं? मले तोंड हाय ना!” शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भूमीस न टेकता विराजमान आहे अशी श्रद्धा आहे; पूर्वी या गाडीतून तिकडे जाणारा भाविकही बहुतांश वाट आसनास न टेकताच कापीत असे. आता खाचखळगे तेच आहेत, भाविक मात्र जागेवर असतो. एकदा शेजारच्या आसनावर बियाण्याचे पोते होते, त्यालाही पट्टा बांधला होता. पोत्याला टुंग् टुंग् ऐकविले होते की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्यांच्या भाच्याने नवी मोटार घेतली आणि मामांना शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाने नागपूरला नेण्याचे ठरविले. भाच्याने पट्ट्याच्या खाचेत एक पोकळ कडी अडकवून गाडीतील घंटी मुकी केली होती. ही कडी बाजारात सर्रास मिळे. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच बड्या ऑनलाइन दुकानांना तिची विक्री बंद करण्याचे हुकूम दिले, तोवर ती बहुतेकांच्या गाडीत पोहोचली होती. मामांनी कडी पाहिली, स्वतःचा पट्टा बांधला आणि वाजावयास सुरुवात केली. भाच्याने गाणे मोठे केले; मामाही मोठे झाले. अखेर कारंज्याच्या अलीकडे त्याने गाडी बाजूस घेतली, कडी खिडकीतून भिरकावली आणि पट्टा बांधला. त्या प्रवासात मामांनी पुढे एक शब्दही उपदेश केला नाही, हे भाचा आजही सांगतो, आणि तेवढ्याचसाठी त्यांना क्षमा करतो.

आता जे सांगावयाचे ते मी टाळणार होतो. गतवर्षी सोयाबीनच्या सोंगणीत मुकादमाची गाडी बिघडली आणि नऊ बायांना दूरच्या शिवारात पोहोचविण्याची विनंती भाऊसाहेबांकडे आली. हौद्यात माणूस बसविणे नामंजूर; पुढे आसन एक, पट्टा एक. त्यांनी मिस्त्रीस उठवून आपल्या शेजारील बाक रुंद करविला नाही, की पट्ट्याशी तडजोडही केली नाही. एकेक बाईस बसविले, प्रत्येकीस टुंग् टुंग् ऐकविले आणि नऊ खेपा केल्या. शेवटची बाई पोहोचली तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता, आणि शेतमालकाने उशिरा आलेल्यांचा अर्धा रोज कापला. कापलेली ती रक्कम भाऊसाहेबांनी संध्याकाळी आपल्या निवृत्तिवेतनातून भरून दिली. हे मला मुकादमाकडून कळले. कळले नसते तर त्यांच्याविषयीचे माझे मत अधिक सुसंगत राहिले असते.

दुसऱ्या दिवशी बायांनी दुसरी गाडी धरली. भाऊसाहेब जाब विचारावयास गेले, तेव्हा त्यांतील एक म्हातारी म्हणाली, “भाऊसायेब, तुमच्या पट्ट्यानं जीव वाचते, पन रोज बुडते. तुमी का रोजच भरून देसान?”

यावर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून त्यांनी अर्ज केला. मालवाहू गाडीच्या हौद्यात मजूर स्त्रियांसाठी बाके व पट्टे बसविण्यास परवानगी मिळावी, अशा आशयाचा, सहपत्रांसह. यथावकाश उत्तर आले, ते त्यांनी मला गाडीत बसवून, खट् ऐकून घेऊन, वाचून दाखविले. त्याच सुमारास रिसोडकडून एक पिकअप भरधाव गेली; हौद्यात बाया एकमेकींच्या खांद्यांना धरून उभ्या होत्या. उत्तर असे होते : मालवाहू वाहनात मनुष्यवाहतूक अनुज्ञेय नसल्याने सदर वाहनात मनुष्य बसत नाहीत, जे बसत नाहीत त्यांच्यासाठी पट्ट्यांचा प्रश्न उद्भवत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

भाऊसाहेबांनी कागदाची घडी घातली. “मसुदा कोनाचा हाय कोन जाने,” ते म्हणाले, “पन भाषेत एक चूक नाही.”