काचेआडचे वायुविजन

खेळांच्या संगणकाच्या पेटीत समोरून शीत हवा यावी व मागून-वरून तप्त हवा जावी, एवढ्या क्षुद्र कार्यास १२० मिलिमीटरचे दोन-तीन पंखे पुरतात, हा जुना शिरस्ता मोडून, दर्शनी जाळीच्या जागी अभंग काच बसविणाऱ्या आणि तिच्यामागे सप्तरंगी पंख्यांची पलटण तैनात करणाऱ्या रसिकांचे अभिनंदन करावे तितके थोडेच. पंख्यांस मुभा आणि हवेस मज्जाव, असा चोख बंदोबस्त क्वचितच आढळतो. पुढील सुधारणा म्हणून पात्यांना कायमची रजा देऊन केवळ दिवेच बहाल ठेवावेत. शोभेत तसूभरही उणीव न येता आवाज मात्र थांबेल. तूर्त खेळ रंगात येताच मालक पेटीचे झाकण काढून समोर घरचा टेबलफॅन लावतात. त्याला दिवे नाहीत, एवढेच काय ते शल्य.