ठळक अक्षरांचा आजार

दवाखाना बंद करून चार वर्षं झाली, तरी शेजारचे नाना रिपोर्ट घेऊन येतातच. परवा आले ते अठरा पानी रंगीत फाइल घेऊन. फुल बॉडी चेकअप, ऐंशी तपासण्या, सणानिमित्त निम्म्या दरात.

"डॉक्टर, चार ठिकाणी ठळक अक्षरं आलीत हो."

म्हटलं, चारच? अहो, बहुतेक तपासण्यांत 'नॉर्मल' ठरतं ते असं: धडधाकट माणसं घ्यायची, त्यांचे आकडे ओळीनं मांडायचे आणि दोन्ही टोकांचे मिळून पाच टक्के छाटायचे. म्हणजे शंभरातली पाच ठणठणीत माणसं त्या तपासणीपुरती बाद. ऐंशीत चार ठळक येणारच. नानांना हिशोब पटला, ठळक अक्षरं काही पचली नाहीत.

साखर आणि रक्तदाबाचं गणित वेगळं. तिथे धोका बघून रेघ ओढतात, पण ती रेघही सरकते. उपाशीपोटीच्या साखरेची मधुमेहाची रेघ 1997 साली 140 वरून 126 वर आली. 2017 मध्ये अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांनी रक्तदाबाची रेघ 140/90 वरून 130/80 वर आणली. माझा तेव्हा 134/82. साधा जिनाही न चढता मी रुग्ण झालो! चेष्टा करतोय खरा, पण पुढे तो आणखी चढला आणि आता गोळी मुकाट्यानं घेतो.

आमच्या काळी सगळं सोनं होतं असंही नाही. आमचा कंपाउंडर बाटलीत तांबडं मिक्श्चर भरायचा, कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडायचा आणि ती खळीनं बाटलीला चिकटवायचा. सहा खाचा, सहा डोस. लोकांचा त्या खाचांवर असा विश्वास, की अर्धी खाच जास्त गेली तर धावत विचारायला यायचे. अल्सरवाल्यांना मी 'काळजी सोडा, दूध प्या' असं बजावायचो. तिकडे अल्सरमागे जंतू असतात हे पटवायला डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये ते जंतू स्वतः पिऊन दाखवले, 2005 मध्ये नोबेलही मिळवलं. माझ्या सल्ल्यानं एकूण किती दूध खपलं, ते तालुक्यातल्या म्हशींनाच ठाऊक.

हे सगळं ऐकून नाना उठले. दारात चपला शोधता शोधता म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. एकावर एक फ्री होतं, तुमचंही नाव घातलंय. उद्या सकाळी सातला मुलगा येईल रक्त घ्यायला. चहा घेऊ नका."

रात्री हिनं चहाचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला.