चौकोनात चिलर मावत नाही

रोह्याच्या धाटाव एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा नकाशा उघडा. रिॲक्टर दिसतील, जिने दिसतील, पार्किंगमधल्या गाड्याही नीट रांगेत दिसतील. आणि एका कोपऱ्यात कोरा चौकोन असेल, त्यावर लिहिलेलं असेल ‘युटिलिटी’. हल्ली कागदाऐवजी संगणकावरचं थ्रीडी मॉडेल येतं. त्यात चौकोनाचा ठोकळा होतो, एवढीच प्रगती. त्या ठोकळ्यात अमोनियाचा कंप्रेसर, कंडेन्सर, रिसीव्हर, ब्राइनची, म्हणजे थंड केलेल्या खारट पाण्याची टाकी आणि दोन डझन व्हॉल्व असतात. जिथे सर्वांत जास्त सांगायला हवं, नेमका तिथेच नकाशा गप्प बसतो.

रोह्याला थंडी कशाला लागते, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. रोहा हे रंगद्रव्यांचं गाव आहे. पुण्याच्या सुदर्शन केमिकलचा मोठा कारखाना इथे आहे. 2025 मध्ये या कंपनीने जर्मनीच्या हॉयबाख समूहाचा जगभरातला रंगद्रव्यांचा धंदा विकत घेतला आणि पूर्वी क्लॅरिअंटकडे असलेला रोह्यातलाच कारखानाही त्याबरोबर आला. पिवळी, नारिंगी, लाल अशी बरीचशी सेंद्रिय रंगद्रव्यं ॲझो प्रकारची असतात. ती करताना डायझोटायझेशन ही पायरी साधारण 0 ते 5 अंश सेल्सिअसला करावी लागते. तापमान चढलं की डायझो क्षार तुटतो, नायट्रोजन सुटतो, माल बिघडतो आणि प्रमाण मोठं असेल तर जिवावर बेततं. म्हणून टाकीत थेट बर्फ टाकतात, नाहीतर जॅकेटमधून ब्राइन फिरवतात. मे महिन्यातल्या रोह्यात हे शून्य अंश टिकवायचं काम तो कोरा चौकोन करतो.

आणि शीतकरण हे केवळ मालाच्या दर्जासाठी असतं, असं कुणी समजू नये. भोपाळच्या कारखान्यात एमआयसी या विषारी रसायनाच्या टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा जून 1984 पासून बंद होती, तिच्यातला रेफ्रिजरंटही काढून घेतला होता. पुढे डिसेंबरात काय झालं, हे सांगायला नको.

आता सॉफ्टवेअरकडे. रेव्हिट 2000 साली आलं, 2002 मध्ये ऑटोडेस्कने ते घेतलं. जन्मापासून ते इमारतीचं सॉफ्टवेअर आहे. भिंत म्हणजे काय, खिडकी म्हणजे काय, ऑफिसच्या गच्चीवरचा एसी चिलर म्हणजे काय, हे त्याला ठाऊक आहे. अमोनियाचा स्क्रू कंप्रेसर, लो प्रेशर रिसीव्हर, हॉट गॅसचा व्हॉल्व संच या गोष्टी त्याच्या तयार संग्रहात शोधत बसावं लागतं. प्लांटच्या पाइपिंगसाठी वेगळी सॉफ्टवेअर आहेत, मोठे कारखाने ती वापरतात. मध्यम कारखान्याची इमारत मात्र आर्किटेक्टकडे जाते, एसीचा सल्लागार रेव्हिटमध्ये काम करतो आणि अमोनिया प्लांटच्या जागी एसीचा चिलर ठेवून मोकळा होतो. दिसायला दोन्ही निळेच. पण एसीच्या साच्यात रेफ्रिजरंटची पाइप तांब्याची धरलेली असते आणि अमोनिया तांबं आणि पितळ दोन्ही खातो. इथे पोलादच लागतं. तो साचा बदलला नाही तर मॉडेलमधून निघणाऱ्या मालाच्या यादीतही तांबंच येतं.

पेणच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. हमरापूर-जोह्याच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत साच्यात सोंड वाकडी असली, तर त्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीची सोंड वाकडी. म्हणून मूळ मूर्तीवर हात फिरवणारा कारागीर तिथे सर्वांत मानाचा. सॉफ्टवेअरमध्ये यंत्राचा साचा, ज्याला ते ‘फॅमिली’ म्हणतात, तो मात्र बहुतेक कचेऱ्यांत सर्वांत नवख्या पोराकडे दिला जातो. त्याने अमोनिया प्लांट कधी पाहिलेला नसतो. दोष त्याचा नाही, त्याला धाटावला न पाठवणाऱ्याचा आहे.

चांगल्या साच्यात काय हवं? बाहेरचा आकार हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. शेल-ट्यूब कंडेन्सर पाच मीटर लांब असेल, तर नळ्या बाहेर ओढायला एका टोकाला जवळजवळ आणखी पाच मीटर मोकळे लागतात. ही मोकळी जागा साच्यातच घन आकार म्हणून घातली, तर तिच्यात खांब किंवा केबल ट्रे आल्यावर सॉफ्टवेअर स्वतः बोंब मारतं. नाही घातली, तर पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या वेळी भिंत फोडावी लागते. सक्शनच्या पाइपवर जाड इन्सुलेशन चढतं. नुसती पाइप काढली की मॉडेलमध्ये ती बीमखालून आरामात जाते, साइटवर अडकते, मग फिटर इन्सुलेशन तासतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून पाणी ठिबकू लागतं. गच्चीवरच्या इव्हॅपोरेटिव्ह कंडेन्सरचं वजन पाणी भरलेलं धरायचं, कॅटलॉगमधलं कोरडं नव्हे.

पण मला सगळ्यात जास्त सलतो तो ऑइल ड्रेन. कंप्रेसरचं तेल अमोनियाबरोबर वाहत जातं. द्रव अमोनियापेक्षा ते जड, म्हणून भांड्यांच्या तळाशी साचतं. ऑपरेटरला ते ठरावीक दिवसांनी खालच्या व्हॉल्वमधून काढावं लागतं आणि अमोनिया प्लांटमधल्या अपघातांचं हे एक नेहमीचं ठिकाण आहे. तेल संपलं की मागोमाग द्रव अमोनिया येतो. त्या क्षणी माणूस उकिडवा बसलेला असतो. त्याच्या पाठीमागे भिंत आहे की दरवाजा, यावर त्याचं आयुष्य ठरतं. मी पाहिलेल्या मॉडेलांमध्ये ही बसायची जागा कुणी दाखवलेली नव्हती. व्हॉल्वपर्यंत हात पोचायला लागणारी जागा, उठून पळायचा रस्ता, जवळचा शॉवर, या तीन गोष्टी काढायला ड्राफ्ट्समनला अर्धा तास लागतो.

कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी, म्हणून वर पंखा लावला की झालं, असं पुस्तकी गणित असतं. द्रव अमोनिया दमट हवेत सुटला तर थंडगार पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगत सरकतं. जुलैमधल्या रोह्याइतकी दमट हवा आणखी कुठे शोधणार? सेफ्टी व्हॉल्वचं तोंड जमिनीपासून साडेचार मीटरहून वर आणि खिडकी-दारापासून सहा मीटर दूर असावं, असा अमेरिकी मानकाचा दंडक आहे. तो पाळला की नाही, हे मॉडेलमध्ये एका क्लिकवर तपासता येतं. त्यासाठी आधी तो व्हॉल्व मॉडेलमध्ये असावा लागतो. कुंपणापलीकडे धाटाव आहे, रोठ आहे, माणसं राहतात.

असं तपशीलवार मॉडेल आपल्याला जमत नाही, हे कारण चालणार नाही. नागपूर मेट्रो वेळ आणि खर्च जोडलेल्या पाच मितींच्या मॉडेलवर उभी राहिली. अमोनियाचे कंप्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक पुण्यातच आहे. तिने आणि तिच्यासारख्या इतर उत्पादकांनी प्रत्येक यंत्राबरोबर पूर्ण साचा द्यावा: नोझल, भरलेलं वजन, अमोनियाचा साठा, देखभालीची जागा, ड्रेन आणि व्हेंट यांसह. एमआयडीसीची ऑनलाइन मंजुरी सामासिक अंतरं आणि चटई क्षेत्र तपासते, उत्तम. त्याच तपासणीत अमोनियाचा साठा किलोत लिहायचा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातल्या अधिकाऱ्यांना एकच विनंती. यापुढे प्लॅनवर कोरा चौकोन दिसला, की ऑइल ड्रेनचा व्हॉल्व कुठे आहे आणि तिथून दरवाजा किती मीटरवर आहे, हे विचारा. उत्तर आलं नाही, तर सही करू नका.