मास्तरांच्या घराला पडलेलं भोक

अहो वहिनी, जरा इकडं कुंपणापाशी या. वाळतील हो कपडे, सोलापूरच्या उन्हात काय लागतंय त्यांना! काल कोपऱ्यावरच्या मास्तरांचं नवं घर बघून आले. हो, तेच, मधोमध भोक ठेवलेलं. गुंठ्याला भाव काय चाललाय, आणि यांनी बारा बाय बाराचा चौक नुसता आभाळाला सोडलाय, म्हणून हसलो होतो ना आपण?

दुपारी दोनला गेले. बाहेर ४२. आत ओसरीवर टेकले आणि पदरानं वारा घालायचंच विसरले बघा. सून आर्किटेक्ट आहे त्यांची. ती म्हणाली, रात्री चौकातली फरशी आपली धग मोकळ्या आभाळाला देऊन टाकते, गार हवा जड, ती खाली बसते. पहाटे ती खोल्यांत घ्यायची आणि ऊन चढायच्या आत बाहेरच्या खिडक्या गच्च लावायच्या. म्हटलं, अगं, हे तर माझी आजेसासू करायची!

भिंतीत विटा आडव्या नाहीत, काठावर उभ्या केल्यात, मधे ३ इंच पोकळी. रॅट ट्रॅप बाँड म्हणे, उंदराचा सापळा! लॉरी बेकरसाहेबांनी केरळात असली कितीतरी घरं बांधली. विटाही पाव हिश्शानं कमी लागतात. स्लॅबच्या पोटात जुनी मंगलोरी कौलं घातलीत. तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं म्हणे. जिना, संडास, अडगळ सगळं पश्चिमेला. चारचं ऊन त्यांनीच झेलायचं.

खोट आहेच. मांजरं उतरायला लागली, म्हणून वर जाळी मारलीय. वळवाच्या पावसात ओसरी निम्मी भिजली, ती पुसायची कुणी यावरनं सासूसुनेत लागलंय. हे तुमच्यापाशीच ठेवा हं.

आमच्या जुन्या घराला माळवद होतं, हातभर जाड पांढऱ्या मातीचं. त्याला साणं, आणि मधे चौक. सासऱ्यांनी चौकावर स्लॅब टाकला आणि एक खोली वाढली म्हणून गल्लीभर पेढे वाटले! तेव्हापासनं माजघरात भर दुपारी दिवा लावायला लागायचा. वाटलेले पेढे मीच वळले होते, सांगते काय.

घ्या, गेली लाइट! आता पाचशिवाय येत नाही. मी तर निघाले मास्तरांकडं. ही बघा, शेंगाचटणीची वाटी घेतलीय हातात, निमित्त नको का काहीतरी? येताय?