कॅप्टन निघणार आहेत

बंगळूरचं चामराजपेट समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे आणि मंगळूरचा समुद्र तिथून साडेतीनशे किलोमीटरवर. कॅप्टनांचं पीक येतं ते अशाच जमिनीत. मालवणच्या माणसाला समुद्र माहीत असतो, म्हणून तो समुद्रावर राहायला जायच्या गोष्टी करत नाही.

आमचे कॅप्टन खरे बँकेतले. घराणं पिढ्यान्‌पिढ्यांचं बंगळूरकर. घरात बोलणं मराठी, भांडण कन्नड आणि कर्जाचे अर्ज इंग्रजी. ‘शहाजीराजांबरोबर आलो आम्ही,’ असं ते अभिमानाने सांगतात. राजांना बंगळूरची जहागीर मिळाली 1638च्या सुमाराला. घोड्यावरून एवढी मजल मारलेलं घराणं 1892 साली वसलेल्या पेटेत येऊन गोठलं कसं, हा प्रश्न त्यांना पन्नाशी उलटल्यावर पडला. उत्तरही त्यांनीच काढलं : दिनक्रम. तेच दूध, तीच कॉफी, तीच मेट्रो, तोच शिक्का. यावर उपाय एकच. घर विकायचं, शिडाची होडी घ्यायची आणि आई, बायको, मुलगा सगळ्यांनी समुद्रावर संसार मांडायचा.

तेव्हापासून कॅप्टन निघणार आहेत.

तयारीत उणीव नाही. कमांडर दिलीप दोंदे 2009-10मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, हा प्रवास कॅप्टनांना बंदरवार पाठ आहे : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाऊन. होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज जरा खाली येतो आणि लगेच चढतो, ‘पण म्हादेई नदी उगम पावते आमच्या खानापूर तालुक्यात!’ हलसूरच्या तळ्यात मद्रास इंजिनिअर ग्रुपचे जवान शिडाच्या होड्यांचा सराव करतात. रविवारी कॅप्टन काठावर उभे राहून त्यांना वारा कुठून येतोय ते हाताने दाखवतात. जवान शिस्तीचे, म्हणून काही बोलत नाहीत.

गाठींचा अभ्यास घरीच चालतो. बोलाइन गाठीची ख्याती अशी की कितीही ताण आला तरी तो गेल्यावर ती सहज सुटते. कॅप्टनांनी कपड्यांच्या दोरीला बांधलेली बोलाइन विळीने कापावी लागली. गच्चीवरून खाली ‘कॉफी पाठवा’ एवढाच निरोप द्यायचा असला तरी शेवटी ‘ओव्हर’ म्हणतात. पलीकडचे गौडा त्यांना ‘कॅप्टन सार’ म्हणतात, तेही न हसता.

मग अडलंय कुठे? मोसमात. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात लहान होडी काढता येत नाही, हे कॅप्टन कोणालाही नकाशासकट पटवून देतात. दर्या मोकळा होतो ऑक्टोबरात, तेव्हा दसरा असतो. दसऱ्यात बंगळूरकराने म्हैसूर सोडून मंगळूरला जायचं? मग दिवाळी. कार्तिकात बसवनगुडीची कडलेकाई परिषे, म्हणजे भुईमुगाची जत्रा; ओल्या-भाजक्या शेंगा सोडून कोण जाणार? जानेवारीत अवरेबेळेचा, म्हणजे पावट्याचा, मोसम. फेब्रुवारी-मार्चात मुलाची परीक्षा, मागोमाग सीईटी. मग रामनवमी आणि फोर्ट हायस्कूलच्या मैदानावरचा, 1939पासून चालत आलेला संगीतोत्सव. तो संपेपर्यंत मे उजाडतो, आंबे येतात. आंबे संपले की कॅप्टन आभाळाकडे बघतात आणि खऱ्या खलाशाच्या गांभीर्याने म्हणतात, ‘आता मान्सून. पुढच्या मोसमात नक्की.’

घरच्यांचा विरोध म्हणाल तर अजिबात नाही. आजींनी एकच विचारलं, ‘होडीत एकादशीला भगर शिजेल ना?’ मुलाला जाळं मिळेल का एवढीच काळजी आहे, आणि ते माशांचं नव्हे. काकू तर कशालाच नाही म्हणत नाहीत. एकदाच, कॅप्टन पाहुण्यांना होडीवरचं जीवन समजावत होते तेव्हा, त्या पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या.

‘म्हणजे पाणी मोजून वापरायचं?’

‘अर्थात! चाळीस फुटी होडीत गोडं पाणी चार-पाचशे लिटर. थेंब न्‌ थेंब जपायचा.’

‘रात्री पाळीने उठायचं?’

‘तीन-चार तासांचा पहारा. चुकला की संपलं!’

‘वीज पुरवून वापरायची, सामान कोंबून ठेवायचं, आभाळ बघून कपडे वाळत घालायचे?’

‘बरोब्बर!’

‘अहो, मग मी वीस वर्षं राहतेय कुठे?’

कॅप्टन गप्प झाले. कावेरी शंभर किलोमीटरवरून आणि पाचशे मीटर वर चढून बंगळुरात येते. आमच्या गल्लीत ती एक दिवसाआड पोचते आणि तेही पहाटे. त्या वेळी अंगणाखालच्या टाकीचं झाकण कोण उघडतं, मोटर कोण लावतं, वरची टाकी भरल्याचा आवाज झोपेत कोणाला ऐकू येतो, हे कॅप्टनांना माहीत नव्हतं. तो पहारा त्यांच्या पाळीत येत नव्हता.

समुद्रावर बिऱ्हाड नेणारे लोक आहेतच. नौदलातून निवृत्त झालेले गौरव गौतम आणि वैदेही चिटणवीस यांनी मुलीसह ‘रीवा’ या शिडाच्या होडीवर संसार मांडला. पण होडीवर दिनक्रमातून सुटका नसते. घरी दूध उशिरा आलं तर कॉफी उशिरा होते, तिथे तळातलं पाणी उपसायला उशीर झाला तर होडी तळाला जाते. दिनक्रमाचा कंटाळा आला म्हणून होडी घेणाऱ्याने आधी घरातला दिनक्रम कोण चालवतं ते बघावं.

तुमच्याही गल्लीत एखादे कॅप्टन असतील. त्यांना होडीची किंमत विचारू नका, तासभर जाईल. घरात पाणी कोण भरतं ते विचारा आणि सुकाणू त्या माणसाच्या हाती द्या.