बोल्टांचे फडणीस

प्रत्येक वाड्यात, आणि वाडा पाडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक सोसायटीतही, बोल्टांचे दफ्तर ज्यांच्याकडे जणू वंशपरंपरेने चालत आलेले असते, अशा गृहस्थांपैकी आमचे नाना होत. दफ्तर म्हणजे बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात मोडीत निघालेल्या पाळण्याचे, भंगारात गेलेल्या सायकलीचे आणि कोणत्याही हयात वस्तूशी नाते सिद्ध न होणारे असे शेदोनशे बोल्ट सुखाने नांदत असतात. नेमका हवा असलेला बोल्ट मात्र त्यातून आजवर निघालेला नाही, यास मी साक्षी आहे.

आमच्या स्वयंपाकघरातील वडिलोपार्जित लोखंडी मांडणीचा एक बोल्ट आटे झिजून निकामी झाला आणि मांडणी बरण्यांसह एका अंगास कलली, तेव्हा मी खाली वीट सरकवून प्रकरण निकालात काढले होते. परंतु नानांनी ती वीट पाहताच पंचनाम्यास आरंभ केला. मुद्देमाल तळहातावर घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, वैद्यबुवांनी नाडी पाहावी तसे त्यांनी आट्यांवरून अंगठ्याचे नख फिरविले.

"हा दोन सुती. तुमचा सहा मिलिमीटरवाला या चाकीत एकदोन वेढे निमूट घेईल आणि मग अडून बसेल!"

येथे नानांवर अन्याय करून चालणार नाही. दोन सूत म्हणजे पाव इंच, अर्थात ६.३५ मिलिमीटर; त्याला इंचात २० आटे, तर सहाच्या बोल्टाला मिलिमीटरागणिक एक; शिवाय १८४१ साली व्हिटवर्थ नामक इंग्रजाने ठरविलेला आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. सरकारने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला खरा, पण आमची मांडणी त्यापुढे कधी रुजू झालीच नव्हती.

बोहरी आळीतल्या दुकानदाराने बोल्टाकडे ओझरते पाहून, मान न वळविता, मागच्या खणातून नेमका जोडीदार काढून दिला, हे नानांस मुळीच रुचले नाही. त्यांनी चाकी स्वहस्ते टोकापर्यंत फिरवून पाहिली, वायसर साधा की स्प्रिंगचा यावर पाऊण तास खल केला, आणि एकच बोल्ट मागणे शिष्टाचारास सोडून होईल म्हणून माझ्या पैशाने पाव किलो तोलून घेतले.

सायंकाळी मांडणी सरळ उभी राहिली. झिजलेला बोल्ट मी केराच्या टोपलीत टाकणार, तोच नानांनी माझे मनगट धरले.

"अहो, टाकताय काय? कधी काय लागेल, सांगता येतं का?"

आणि धोतराच्या सोग्याने पुसून त्यांनी तो डब्यात दाखल करून घेतला.